शेवटचं मैदान वाचवण्यासाठी घेतलेली हरकत : माझा अनुभव

मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्द पट्ट्यातल्या प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीत आम्ही राहतो. रुळांकडेची आमची झोपडी रेल्वेच्या प्रकल्पात गेली आणि बदल्यात 225 चौरस फुटांचं घर मिळालं. घर पक्कं आहे, आपल्या हक्काचं आहे. पण सातमजली इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर भरदुपारी ट्यूब लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. या सगळ्यात मोकळा असा एकच तुकडा उरला होता. शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे कुठली जमीन कशासाठी ते ठरवणाऱ्या नकाशात, त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण. एके दिवशी शेजारच्या काकांनी पेपरातली जाहीर सूचना आणून दाखवली : ते आरक्षण बदलून तिथे प्रकल्पग्रस्तांसाठी आणखी सदनिका बांधायचा प्रस्ताव आहे.

सूचनेत ‘कलम 37’ असा उल्लेख होता. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं हे कलम. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा तर आधी सूचना काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. मोर्चा काढू, रस्ता अडवू, असं पोरं म्हणत होती. मी म्हटलं, जे करायचं ते करा, पण हा महिना हातचा जाऊ देऊ नका. मुदतीत कागद गेला नाही तर सुनावणीत आपल्याला उभं राहायला जागाच नाही.

सोपं नव्हतं. वसाहतीतच दोन तट पडले. ज्यांची मुलं लग्नाची झालीत, त्यांना वाटत होतं की नवीन इमारती झाल्या तर आपल्यालाही एखादी खोली मिळेल. त्या सदनिका दुसऱ्या प्रकल्पात घर गेलेल्यांना जाणार, इथल्या वाढत्या कुटुंबांसाठी नाहीत, हे दारोदार जाऊन सांगावं लागलं.

हरकतीचा छापील नमुना वाटायचं आम्ही टाळलं. प्रत्येक घराने आपलं स्वतःचं लिहायचं ठरवलं. कुणी मुलाच्या दम्याबद्दल लिहिलं, कुणी आगीचा बंब आत शिरत नाही याबद्दल. लिहिता न येणाऱ्या आज्यांचं बोलणं कॉलेजच्या मुलींनी जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि अंगठे घेतले. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती : एक आवक खिडकीवर द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. खिडकीवरचा माणूस म्हणाला, “गठ्ठ्यावर एकच शिक्का देतो.” आम्ही हललो नाही. शेवटी त्याने एकेका कागदावर पोच दिली.

सर्वात मोलाचा पुरावा मात्र आम्ही घरातच बसून तयार केला. बांधकामावर काम करणाऱ्या एका भावाने मीटर-टेप आणला. टेपचं एक टोक आमच्या खिडकीत माझ्या हातात, दुसरं समोरच्या इमारतीत त्या घरच्या ताईंच्या हातात. अंतर भरलं जेमतेम तीन मीटर. खाली त्या फटीत वरच्या मजल्यांवरून पडलेला कचरा, फुटलेला पाइप आणि साचलेलं पाणी. तिथे सफाईला कुणी उतरत नाही. मापाचे फोटो काढले आणि त्यासोबत 2018 साली ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केलेला अभ्यास जोडला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये उजेड-वारा न येणाऱ्या घरांचा क्षयरोगाशी कसा संबंध आहे, हे त्यात मांडलेलं आहे. आमच्या जिन्यात टीबीच्या गोळ्या चालू नाहीत असा मजला क्वचितच सापडेल, त्यामुळे त्यातलं काही आम्हाला नवीन नव्हतं. पण साहेबांसमोर अभ्यासाचा कागद बोलतो.

सुनावणीचं पत्र आदल्या दिवशी हातात पडलं. ज्यांना रोजंदारी बुडवणं शक्य नव्हतं, त्यांनी आम्हाला अधिकारपत्रं लिहून दिली. बोलायला प्रत्येकाला थोडीच मिनिटं होती, म्हणून विषय वाटून घेतले : एकीने आरोग्य, एकीने शाळा, मी मोकळी जागा.

तिथे मला विचारलं गेलं, “तुम्हालाही असंच घर मिळालं ना? मग दुसऱ्याच्या घराला विरोध का?” हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं, तरी छातीत लागला. रुळाकडेला पावसात पोरं घेऊन बसलेली बाई मी. कुणाला घर मिळू नये असं मी कसं म्हणेन? मी म्हटलं, “साहेब, घरं द्या, पण जगता येईल अशी द्या. शहरातल्या प्रत्येक प्रकल्पाने उठवलेली माणसं आमच्याच वॉर्डात का आणता? 1927 पासून देवनारचं कचऱ्याचं डंपिंग इथेच आहे. 2009 च्या मानव विकास अहवालात 24 वॉर्डांत सर्वात खाली आमचाच एम-पूर्व होता. येणारे लोकही आमच्यासारखेच आहेत. त्यांनाही तीन मीटरच्या फटीतच कोंबणार का?”

निर्णय तिथे लागत नाही. अहवाल मंजुरीसाठी राज्य शासनाकडे जातो. आम्ही थांबलो नाही, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात सुनावणीचं इतिवृत्त मागितलं. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही, तीस दिवस उलटल्यावर प्रथम अपील केलं, तेव्हा कागद मिळाले. दोन इमारतींमधल्या अंतराचं आमचं माप त्यात नोंदलं आहे. शाळेबद्दलचा मुद्दा मात्र गाळला आहे. तो मुद्दा, आवक क्रमांक टाकलेली पोच आणि इतिवृत्ताची प्रत असं सगळं जोडून आम्ही नगरविकास विभागाला निवेदन दिलं आहे. मंजुरीचा आदेश निघालेला नाही आणि संध्याकाळी पोरं तिथे अजून क्रिकेट खेळतात.