राउटरच्या तळाचं स्टिकर

जुलै म्हणजे माझ्याकडे रिटर्नची लगबग. डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीतच माझं कर सल्ल्याचं काम चालतं. त्या रविवारी जेवणाआधी एक चलन भरून टाकू म्हणून बँकेची साइट उघडली, तर ब्राउझर म्हणाला, हे कनेक्शन सुरक्षित नाही. मी घाईत. 'तरीही पुढे जा' वर बोट पडणारच होतं, तेवढ्यात जेवायला आलेली भाची मागून ओरडली, "मावशी, थांब!"

तिने तिच्या मोबाइलवर आमचं वायफाय बंद करून तेच पान उघडलं. नीट उघडलं. वायफाय लावलं, की पुन्हा तीच सूचना. भाची हिंजवडीला नेटवर्किंगचंच काम करते, त्यामुळे माझ्या जेवणाचं काय झालं असेल ते ओळखा. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायला तिला दहा सेकंद लागली, कारण युजरनेम अ‍ॅडमिन आणि पासवर्डही अ‍ॅडमिन. तीन वर्षं मी लोकांना आयकर पोर्टलचा पासवर्ड बदलत जा म्हणून सांगतेय!

आत डीएनएसच्या जागी भलतेच दोन आकडे होते. आपण बँकेचं नाव टाईप करतो, त्या नावाचा खरा आकडी पत्ता डीएनएस सांगतं. तेच बदललं, की रिक्षावाल्याला सदाशिव पेठ सांगावी आणि त्याने भलत्याच गल्लीत उतरवून 'हीच सदाशिव पेठ' म्हणावं, तशी गत. ब्राउझरने साइटची ओळख पटवणारं प्रमाणपत्र तपासलं म्हणून पाटी खोटी असल्याचं कळलं. पैसे गेले नव्हते, त्यामुळे सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायची वेळ आली नाही.

नेटवाल्याला फोन केला. "मॅडम, स्पीड येतोय ना? मग एकदा बंद करून चालू करा." भाचीला हसू आलं. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या व्हायरसने ५४ देशांतले ५ लाखांवर राउटर आणि तत्सम डबे पोखरले होते, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयनेही लोकांना हेच सांगितलं होतं म्हणे. पण त्याने मेमरीत चालू असलेला भाग तेवढा जातो. आमचे डीएनएसचे आकडे सेटिंगमध्ये जतन झालेले, ते कुठे जाणार? मग रीसेटच्या भोकात टाचणी घालून राउटर कोरा केला, लांबलचक पासवर्ड ठेवला आणि मी निर्धास्त झाले.

पाचव्या दिवशी आकडे पुन्हा बदललेले.

तेव्हा भाची गंभीर झाली. तिने मॉडेल नंबरवरून शोध घेतला, तर त्या मॉडेलमधली त्रुटी चांगली क्रमांकासकट, म्हणजे सीव्हीई नंबर देऊन, जाहीर झालेली होती. पासवर्ड न विचारताच सेटिंगमध्ये घुसता येईल अशी. बाहेरून राउटर हाताळायची रिमोट मॅनेजमेंटची सोय माझ्याकडे चालूच होती, ती आधी बंद केली. हे झालं दाराला खुर्ची लावणं. खरी दुरुस्ती फर्मवेअरमध्ये, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि ते कंपनीनेच द्यायचं.

आता ती कहाणी. कंपनीच्या भारतातल्या पानावर माझ्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर त्रुटी जाहीर होण्याच्या आधीचं. परदेशातल्या पानावर नवं होतं, पण व्ही ४ साठी, म्हणजे त्याच मॉडेलच्या चौथ्या आवृत्तीसाठी. राउटर उलटा केला. तळाच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत व्ही ३. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ, आत चिप वेगळी. एकाचं फर्मवेअर दुसऱ्यावर चढवलं, तर राउटर निकामी होऊन त्याची नुसती वीट होऊ शकते. म्हणजे कुठलं दार उघडं आहे हे जगजाहीर, आणि कुलूप फक्त व्ही ४ ला.

ग्राहक सेवेला फोन. पॉवरचा दिवा कुठल्या रंगाचा आहे? वायर घट्ट बसवली आहे का? मी म्हटलं, अहो, नेट चालतंय, नको इतकं चालतंय. शेवटी सीरियल नंबर घेऊन सांगितलं, "मॅम, वॉरंटी संपली आहे, नवं मॉडेल घेऊ शकता." वॉरंटी संपून चार महिने झाले होते, खरं आहे. पण वॉरंटी दिवा बंद पडला तर. इथे माल पहिल्या दिवसापासूनच सदोष होता, फक्त कळलं उशिरा.

माळ्यावरून खोका काढून पाहिला. एमआरपी, बनवल्याचा महिना, ग्राहक सेवेचा नंबर, सगळं छापलेलं. सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीपर्यंत देणार, त्याचा पत्ता नाही. खोकल्याच्या बाटलीवर मुदत असते की! ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून अशा वस्तू विकताना किमान किती काळ अपडेट देणार ते सांगणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि सगळ्यांना एकच सोपा पासवर्ड घालून विकायलाही बंदी. माझ्या खोक्यावर तेवढ्या एका ओळीला जागा भरपूर होती.

ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत फर्मवेअर घालता येईल का, तेही भाचीने पाहिलं. माझ्या राउटरची साठवण ४ एमबी. नव्या आवृत्त्यांना ती पुरत नाही. राहिला एकच मार्ग, पिच्छा पुरवायचा. आयकर खात्याला उत्तरं लिहून लिहून हात तयार आहे माझा. ईमेलमध्ये मॉडेल, व्ही ३, फर्मवेअरची तारीख, सीव्हीई नंबर आणि एकच प्रश्न: दुरुस्त फर्मवेअर देणार की नाही, हो किंवा नाही लिहा. पहिल्या उत्तरात पुन्हा दिव्याचा रंग. दुसऱ्यात बिलाचा फोटो. तिसऱ्या स्मरणपत्राला सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, प्रत जोडली. तेविसाव्या दिवशी एक लिंक आली. 'बीटा' फर्मवेअर, स्वतःच्या जबाबदारीवर वापरा, फक्त आपल्यासाठी. कंपनीच्या पानावर ते आजही नाही. मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही म्हणतात, पण इथे ताट तयार असून झाकून ठेवलं होतं.

फर्मवेअर चढवताना मध्येच वीज गेली तर संपलं. म्हणून महावितरणच्या देखभालीचा गुरुवार टाळून शुक्रवारी सकाळी राउटर इन्व्हर्टरवर घेतला आणि लॅपटॉपला वायरने जोडला. पट्टी ७० टक्क्यांवर येऊन जी थांबली, ती हलेना. तोवर माझा चहा गार. मग दिवे लुकलुकले आणि राउटर उठून बसला. सेटिंग सगळी पुसली गेली होती, ती नव्याने भरली. महिना झाला, डीएनएस जागेवर आहे.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे हाच राउटर, त्याच नेटवाल्याने बसवलेला. 'फक्त आपल्यासाठी' गेलं खड्ड्यात म्हणून मी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन खाली गेले. काकांनी देवघराशेजारच्या खणातून भिंग काढलं, राउटर उलटा धरला आणि वाचलं, "व्ही २."

पेनड्राइव्ह मी पर्समध्ये ठेवला आणि माझ्या ईमेलचा मसुदा त्यांना छापून दिला. काकांनी तो पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "पॉवरचा दिवा हिरवा आहे. ते आधीच लिहून टाकू का?"