एवढे काटकुळे, तुम्हाला कसली शुगर?

पंगतीत जिलब्यांचं ताट समोर आलं आणि मी एकच उचलली, की शेजारचा विचारतोच, "अहो, तुम्हाला काय धाड भरणार आहे? एवढे काटकुळे तुम्ही, दरवर्षी शुगर कशाला तपासता?" उत्तर द्यायला तोंड उघडावं तर वाढपी मठ्ठा घेऊन येतो आणि विषय तिथेच बुडतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज सलग सांगतो.

माझी पहिली तपासणी शिंप्यानं केली. दिवाळीची पँट शिवायला टाकली होती. टेप फिरवून त्यानं जुनी वही उघडली आणि म्हणाला, "साहेब, छाती तीच आहे, कंबर अडीच इंच वाढलीये. साडेछत्तीस." वजन मात्र कित्येक वर्षं एकोणसाठच्या आसपास. मी हसण्यावारी नेलं. आपल्याकडे पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 च्या आत असावी असं डॉक्टर सांगतात, हे मला नंतर कळलं. साडेछत्तीस इंच म्हणजे जवळजवळ 93.

हसणं थांबलं ते वडील आठवल्यावर. तेही असेच काटकुळे. एकदा चपलेचा खिळा टाचेत घुसला होता आणि ते तसेच बाजार करून घरी आले. फरशीवरचं रक्त आईला दिसलं, त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. साखरेनं पाय बधिर झाले होते, हे तेव्हा कळलं. ती जखम भरायला सहा महिने गेले. बारीक माणसाला साखर होत नाही, असं आमच्या घरात तोवर सगळेच धरून चालले होते.

या समजुतीचा फोलपणा दाखवला तो पुण्याच्याच एका डॉक्टरांनी. केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. यूडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तोच, 22.3. चरबी मात्र यूडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. हे जन्मापासूनचं आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी 2.7 किलोची भरली, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 ची. आपली बाळं हाडापेरानं आणि स्नायूंनी कमी पडली, पण चरबी त्या मानानं राखून होती. म्हणून वजनकाट्याचं माझ्याबद्दलचं मत मी फारसं मनावर घेत नाही.

तर रक्त दिलं. एचबीए1सी आलं 6.1. तांबड्या पेशी तीन-चार महिने जगतात, तेवढ्या काळात त्यांना साखर किती चिकटली याचा हा हिशेब. आदल्या दिवशी उपास करून तो फसवता येत नाही. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, 6.5 म्हणजे घरात. डॉक्टर म्हणाले, "गोळी आत्ता नको. जेवल्यावर चालायचं."

शतपावली आजोबाही करायचे, पण रात्री. मी दुपारीही करतो, डबा संपला की ऑफिसच्या पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं. चालते स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि ती तेव्हाच तर चढत असते. ताटात चाराच्या दोन भाकऱ्या झाल्या आणि उसळीची वाटी मोठी झाली. (ज्वारी आहे म्हणून कितीही चालते, हे बागेतल्या मंडळींनी ठरवलेलं आहे. कारल्याच्या रसाचंही तेच.) स्नायू कमी असल्याचं पटल्यामुळे सकाळी दंडबैठका. सुरुवातीला बैठका मारून जिना उतरता येईना.

यानं हमी मिळते का? नाही. उंबरठ्यावरच्या लोकांवर चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी केलेला अभ्यास 2006 मध्ये आला. चालणं आणि आहार सांभाळणाऱ्यांत तीन वर्षांत मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे सांभाळूनही बऱ्याच जणांना झालाच. म्हणून दरवर्षीची तपासणी. तीही शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉलची. ऐंशी चाचण्यांचं 'पॅकेज' घ्या म्हणून लॅबवाल्यांचे फोन येतात, ते मी घेत नाही.

यंदा 5.8 आलं. टेप आता घरीच आहे, त्याच शिंप्यानं दिलेली. दर महिन्याच्या एक तारखेला बायको बेंबीच्या रेषेत ती लावते आणि म्हणते, "अहो, श्वास सोडा आधी."

मी म्हणतो, सोडलाय.

"मग पोट कुठंय?"