सोलापूर ते परळ : मुलाच्या मानेतील गाठीवर स्क्लेरोथेरपी करून घेताना

आमच्या मुलाच्या मानेच्या डाव्या बाजूला जन्मापासून मऊ, दाबल्यास दबणारी गाठ होती. सोनोग्राफी व एमआरआयनंतर ती लिम्फॅटिक मालफॉर्मेशन, म्हणजे लसिकावाहिन्यांच्या सदोष वाढीतून तयार झालेल्या द्रवाच्या पिशव्यांचा समूह असल्याचे निदान झाले. जुन्या केस पेपरांवर याच विकाराची नोंद सिस्टिक हायग्रोमा अशी आढळते. ही कर्करोगाची गाठ नव्हे. पूर्वी अशी गाठ शस्त्रक्रियेनेच काढत असत. परंतु मानेतील नसा व रक्तवाहिन्या तिच्यात गुंतलेल्या असतात आणि थोडा भाग मागे राहिला तरी ती पुन्हा वाढू शकते. त्यामुळे पिशव्या मोठ्या असतील तर आता सोनोग्राफीत पाहत सुईने आतील द्रव काढून त्या जागी औषध सोडण्याचा उपचार, म्हणजेच स्क्लेरोथेरपी, बहुधा आधी सुचवला जातो. आम्हाला त्यासाठी परळच्या एका मोठ्या रुग्णालयातील इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी, म्हणजे सोनोग्राफी किंवा क्ष-किरणांत पाहत सुईने उपचार करणाऱ्या, विभागात पाठवण्यात आले. सोलापूर, धाराशिव, लातूर या भागातून याच कामासाठी जाणाऱ्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

निघण्यापूर्वी पाहण्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुलाला सर्दी, खोकला किंवा ताप नाही ना. लहान मुलांमध्ये ही प्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन करतात आणि सर्दी झालेल्या मुलाची भूल पुढे ढकलली जाण्याची शक्यता मोठी असते. शिवाय सर्दी-पडशात ही गाठ स्वतःच फुगू शकते. म्हणून आदल्या दिवशी विभागात फोन करून मुलाची स्थिती सांगावी आणि मगच गाडीत बसावे. शिधापत्रिकेची मूळ प्रत आणि सर्वांची आधार कार्डे सोबत ठेवावीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो की नाही, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून पहिल्याच भेटीत, भरती होण्याआधी विचारून घ्यावे. एमआरआयचा केवळ छापील अहवाल पुरत नाही. सुई कोठून घालायची हे चित्रे पाहून ठरते, त्यामुळे सीडी नेलीच पाहिजे, आणि ती घरच्या संगणकावर उघडते का हेही पाहून घ्यावे.

आम्ही सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी दादरला उतरलो. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला बर्थही मिळत नाही; पूर्ण भाडे भरून त्याच्यासाठी स्वतंत्र बर्थ घ्यावा, कारण दुसऱ्या दिवशी त्याची झोप झालेली असणे सर्वांच्याच हिताचे आहे. दादरहून परळ लोकलने अगदी जवळ असले, तरी सकाळच्या गर्दीत सामान आणि मूल घेऊन लोकलमध्ये चढण्यापेक्षा टॅक्सी केलेली बरी. राहण्याची जागा रुग्णालयापासून पायी अंतरावर शोधावी, त्यासाठी खोली लहान मिळाली तरी चालेल.

उपाशी ठेवण्याच्या वेळा भूलतज्ज्ञ सांगतात. घन आहार व वरचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद, असा सर्वसाधारण नियम आहे. तुम्हाला लिहून दिलेली वेळ वेगळी असेल तर तीच पाळावी. ‘एकच बिस्कीट’ देणारी आजी किंवा शेजारच्या खाटेवरचे प्रेमळ नातेवाईक हा या टप्प्यावरचा खरा धोका असतो.

आत काय होते, हे डॉक्टरांनी आम्हाला चित्र काढून समजावले. सोनोग्राफीत सुईचे टोक पिशवीत पोहोचलेले दिसते आणि पिवळसर, कधी रक्तमिश्रित द्रव ओढून घेतला जातो. त्यानंतर गरजेनुसार क्ष-किरणांत दिसणारे कॉन्ट्रास्ट औषध सोडून ते पिशवीतच राहते की एखाद्या शिरेत निसटते, हे पडद्यावर पाहतात आणि मगच मूळ औषध देतात. हे औषध पिशवीच्या आतल्या अस्तराला इजा करते, त्यामुळे तिच्या भिंती आक्रसून चिकटतात. आमच्या मुलाला ब्लिओमायसिन दिले. ते मूळचे कर्करोगावरचे औषध, 1960च्या दशकात जपानमध्ये हमाओ उमेझावा यांनी शोधलेले. परळमध्ये, टाटा रुग्णालयाच्या परिसरात, औषधाच्या दुकानात हे नाव ऐकल्यावर बरोबरच्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे सांगायला नको. या उपचारात मात्रा कमी असते आणि औषध पिशवीत सोडले जाते. तरीही त्याचा काही अंश शरीरात जातो आणि एकूण मात्रा वाढत गेल्यास फुप्फुसांना धोका असतो, म्हणून प्रत्येक वेळी किती औषध दिले याची नोंद डिस्चार्ज कार्डावर मागून घ्यावी. पुढे कोणत्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली, तर मुलाला पूर्वी ब्लिओमायसिन दिले होते हे भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावे.

याच औषधाची आणखी एक खोड आहे. त्यानंतरच्या दिवसांत त्वचा खाजवली, घासली किंवा चिकटपट्टी ओढून काढली, तर तेथे काळसर डाग पडू शकतात आणि ते बराच काळ राहतात. ईसीजीचे चिकट तुकडे व सलाईनची पट्टी तेल लावून सावकाश काढण्याची विनंती परिचारिकांना करावी. नखे आधीच कापावीत.

आता ज्या भागाबद्दल प्रवासाची आखणी करताना फारसे कोणी बोलत नाही, त्याकडे वळतो. इंजेक्शननंतर गाठ लहान होण्याआधी मोठी होते. पहिल्या काही दिवसांत सूज चढते, ती जागा ताठ व गरम लागते, थोडा तापही येतो. उपचार बिघडला असे वाटून पालक घाबरतात, पण ही प्रतिक्रिया अपेक्षित असते. गाठ श्वासमार्गाजवळ किंवा जिभेखाली असेल, तर मात्र याच दिवसांत खरी जोखीम असते. श्वास घेताना आवाज येणे, लाळ गिळता न येणे, जीभ सुजणे, मूल आडवे झोपायला नकार देणे, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असो वा पहाट, थेट आकस्मिक विभागात न्यावे. म्हणून परतीचे तिकीट डिस्चार्जच्या दिवसाचे काढू नये. डॉक्टरांनी सूज उतरणीला लागल्याचे सांगेपर्यंत परळमध्येच राहावे आणि राहण्याचा खर्च त्या हिशेबाने धरावा. परतताना मी रात्रीच्या गाडीऐवजी दुपारी निघणारी वंदे भारत निवडली. भाडे जास्त पडले, पण जागेपणी, उजेडात त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवता आले, ही सोय मला बर्थपेक्षा मोलाची वाटली.

गावी परतल्यावर जवळच्या बालरोगतज्ज्ञांना डिस्चार्ज कार्ड दाखवून ठेवावे आणि परळच्या विभागाचा दूरध्वनी क्रमांक त्यावर ठळक लिहावा. परिणाम किती झाला हे साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सोनोग्राफीत कळते. बऱ्याच मुलांना पुन्हा इंजेक्शन घ्यावे लागते, आणि पिशव्या अगदी बारीक असतील तर प्रतिसाद कमी मिळतो. तोपर्यंत दर आठवड्याला, त्याच जागी उभे करून, त्याच उजेडात समोरून व बाजूने छायाचित्र काढावे. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी सर्वांत आधी तेच पाहायला मागितले.