हरलेल्या डावाचा कागद

परभणी, जालना, लातूरहून संभाजीनगरला बुद्धिबळाची स्पर्धा खेळायला आलेली लेकरं संध्याकाळी परतीच्या गाडीत बसली की पहिलं काम करतात ते फोन काढून डाव इंजिनात, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक-प्रोग्रॅममध्ये, घालायचं. दोन मिनिटांत चुकीच्या चालींपुढे लाल प्रश्नचिन्हं दिसतात, "अरे, इथं घोडा मारायचा होता!" आणि फोन खिशात. मला ही सवय फार घातक वाटते. इंजिन बरोबर चाल सांगतं. ती चाल पटावर बसलेल्या माणसाला का दिसली नाही, हे त्याला सांगता येत नाही. ते फक्त खेळणाऱ्याला ठाऊक असतं, आणि तेही दोन-तीन दिवसच.

म्हणून सुरुवात डाव चालू असतानाच करायची. क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या, डावात चाली लिहाव्याच लागतात. त्याच कागदावर घड्याळातली उरलेली वेळ लिहायला नियमाची परवानगी आहे, तेव्हा दर चार-पाच चालींनी ती टिपा. (चाल खेळायच्या आधी लिहिणं मात्र नियमात बसत नाही.) रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळेच्या डावात, लिहायची सक्ती नसते आणि एका दिवसात उरकणाऱ्या स्पर्धा बहुधा रॅपिडच असतात. तिथं पुढच्या राउंडचं पेअरिंग (कोण कुणाशी खेळणार ती यादी) लागेपर्यंत आठवून लिहून काढा. सगळा डाव आठवला नाही तर जिथं पारडं फिरलं ती एक स्थिती तरी लिहा.

घरी पट मांडून पाऊण तास इंजिनाशिवाय बसा. तीन जागी खुणा करा: जिथं खूप वेळ गेला, जिथं हात पाच सेकंदांत उठला आणि जिथं समोरच्याच्या चालीनं दचकायला झालं. यातली तिसरी खूण सगळ्यात मोलाची. दचकलात म्हणजे ती चाल तुम्ही पाहिलीच नव्हती. मग ती कुठली होती ते बघा. बऱ्याचदा ती मागे जाणारी निघते: लांबच्या तिरक्या रेषेतून परतणारा उंट, नाहीतर मागच्या घरांवर नजर ठेवून बसलेला घोडा. २००६ साली बॉनला डीप फ्रिट्झ या संगणकाविरुद्ध तेव्हाचा जगज्जेता असलेल्या खुद्द क्रॅमनिकला एका चालीतली मात दिसली नाही. पांढरा वजीर एच७ वर (घराचं नाव म्हणजे उभ्या पट्टीचं अक्षर आणि आडव्या पट्टीचा आकडा) येत होता आणि त्याला जोर होता एफ८ वरच्या घोड्याचा. शेवटच्या पट्टीतला घोडा मागे मारतो, याची डोळ्याला सवय नसते.

इंजिन यानंतर. तीन पर्याय दिसतील असं लावा आणि अर्धा मिनिट थांबा. इंजिनाच्या आकड्यात एक प्यादं म्हणजे साधारण १, तेव्हा ०.३ चा फरक सोडून द्या. अधिक ६ चा अधिक ४ झाला तरी डाव जिंकलेलाच आहे. जिंकलेला डाव बरोबरीत किंवा बरोबरीचा डाव हारीत गेला, ती चाल धरा.

एक नोंद जवळजवळ कुणीच करत नाही: समोरच्यानं चूक केली आणि आपण ती सोडून दिली. २०१४ साली सोचीला कार्लसन आणि आनंद यांच्यात झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव बघा. कार्लसननं २६ वी चाल राजा डी२ खेळली. आनंदनं घोड्यानं ई५ वरचं प्यादं मारलं असतं तर? पांढरा (कार्लसन) जी८ वरचा हत्ती मारतो, घोडा सी४ चं प्यादं मारून शह देतो, राजा डी३, घोडा बी२ वर पुन्हा शह, राजा ई२, आणि मग निवांत जी८ वर हत्ती परत मारायचा. दोन प्यादी हातात. आनंदनं लगेच प्यादं ए४ वर पुढे केलं आणि पुढे डाव हरला. आपला बेत ठरलेला असला की समोरच्याच्या नव्या चालीनं काय बदललं, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. तेव्हा नोंदवहीत "चूक" आणि "सोडलेली संधी" असे दोन रकाने हवेतच.

एंडगेममधल्या, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यातल्या, चुकांचं कारण बहुतेकदा साधं असतं: ती स्थिती माहीतच नसते. पांढरा राजा ई४, प्यादं ई२, काळा राजा ई६, पांढऱ्याची चाल. प्यादं ई३ ला सरकवलं की काळ्याला राजा हलवावा लागतो आणि पांढरा जिंकतो. पण तेच प्यादं घाईनं आधीच ई३ वर आणून ठेवलं असेल, तर राखीव चाल उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. नव्या रेटिंगवाल्याचा के (एका डावानं रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) ४० असतो, म्हणजे विजयाऐवजी बरोबरी झाली की त्या एका घाईची किंमत रेटिंगचे २० गुण. अशी स्थिती इंजिनानं दाखवलेल्या चाली नुसत्या पाहून सुटत नाही, पाठच हवी.

वहीचं पान असं करा: स्थितीची आकृती, कुणाची चाल, उरलेली वेळ आणि "तेव्हा मला काय वाटलं" याची एक ओळ. उत्तर पानामागे. सात दिवसांनी पट मांडून सोडवा, मग महिन्यानं. दोन्ही वेळा मिनिटाच्या आत सुटलं तर पान बाजूला ठेवा. नाही सुटलं तर तारीख घालून वहीत पुन्हा पुढे लावा.