पिवळ्या पिशवीतला दोरा

मी रुग्णालयात नर्स. फेब्रुवारीतली रात्रपाळी होती. मेळघाटातल्या धारणीकडून घाट उतरून 108 रुग्णवाहिका आली, आत दीड वर्षाचं कोरकू आदिवासी बाळ, सोबत आई आणि आजी. बाप कामाला जिल्ह्याबाहेर, तो होळीलाच परतणार. चुलीवरून उतरवलेल्या पाण्यात बाळाने उजवा हात घातला, भांडं कलंडलं ते छातीवर.

बाळाचा स्वतःचा तळवा, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण 1 टक्का. तसं मोजलं तर 9 भरले. पण हात भाजलेला असला की मी टक्क्यांवर विसंबत नाही. बोटं एकमेकांना चिकटून भरली तर मूठ जन्मभर नीट उघडत नाही. म्हणून प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी, बेचक्यांत पॅराफिन गॉझ, मनगट किंचित मागे, हात उशीवर उंच. या ड्रेसिंगला मी कुणाला घाई करू देत नाही.

मनगटावर भूमकाने, म्हणजे गावच्या वैदूने, राखणीसाठी बांधलेला काळा दोरा होता. हात सुजला की तो रुतणार, बोटांचं रक्त अडणार. काढणं भागच होतं. मी कात्रीने कापला आणि खराब गॉझबरोबर पिवळ्या पिशवीत टाकला. विचारलं कुणालाच नाही. आजी माझ्या हाताकडे बघत होती.

तेवढ्यात ड्युटीवरच्या डॉक्टरांना बेंबीभोवतीचे चार जुने, भरून आलेले डाग दिसले. ‘डंबा दिया ना?’ ते आईवर ओरडलेच. पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने डागतात, तो डंबा. तो वाईटच, त्यात कोवळी बाळं दगावतात. पण समोरची जखम वर रुंद आणि खाली ओघळत निमुळती झालेली, गरम पाण्याचीच. डागण्याची खूण अशी ओघळत नाही. त्यात भाजल्याची केस एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस होते, पोलीस जबाबाला येतातच, हे आईला कुणी समजावलं नव्हतं. डंब्यासाठीच पोलीस आले, एवढंच तिला उमगलं.

माझ्या आईच्या दंडावर काविळीचा डाग आहे. वऱ्हाडातल्याच आमच्या गावी दिलेला. त्यावरून माझ्या आजीला कुणी गुन्हेगार ठरवलं नाही.

पहाटे चारला कॉट रिकामी. दोघी गेटजवळ, बाळाच्या डाव्या हाताला सलाईनची नळी, इंट्राकॅथ, तसाच. ‘या लोकांचं असंच, डामा लिहून घ्या,’ वॉर्डातून कुणी म्हणालं. डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी गेल्याची नोंद. ते वाक्य मला अजून खुपतं, कारण एरवी ते मीही बोलले आहे.

होस्टेलात एएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सची, एक कोरकू विद्यार्थिनी होती, तिला उठवून आणलं. ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. आधी गाव विचारलं, मग पाणी दिलं. पाण्याला त्यांच्यात ‘डा’ म्हणतात, हे मला त्या रात्री कळलं. इतकी वर्षं मेळघाटची बाळं हाताळते आहे मी! अर्ध्या तासाने आजी बोलली. पोलिसांपेक्षा तिला दोरा लागला होता. तो कचऱ्यात गेला, आता पोराला इथे राखणार कोण? सुजलेलं मनगट दाखवून मी कापण्याचं कारण सांगितलं, न विचारल्याबद्दल माफी मागितली. ती बराच वेळ गप्प होती. मग उठली आणि वॉर्डाकडे चालू लागली.

त्या मुलीचं हे काम नव्हतं. रात्री कोरकू बोलणारं माणूस पगारावर असायला हवं, झोपेतून उठवलेली पोर नव्हे.

तिसऱ्या दिवशी गावाहून नवा दोरा आला. आजीने बाळाच्या डाव्या घोट्यावर बोट ठेवून मला विचारलं, ‘यहाँ?’ मी घोटा बघितला, हो म्हटलं.

बारा दिवसांनी बाळ घरी गेलं. बोटं आखडू नयेत म्हणून रात्री आधाराची पट्टी, स्प्लिंट, कशी बांधायची ते आजीकडून दोनदा करून घेतलं होतं. पहिल्या तपासणीला आले, दुसरीला नाही. आशाताईला फोन केला तर म्हणाली, ‘मोह पडतोय सिस्टर, फुलं वेचायला गाव पहाटेपासून रानात असतं.’ तारीख कार्डावर मीच लिहिली होती. आता मोह सरल्यानंतरची दिली आहे, आणि तोवर स्प्लिंट रोज बांधली जाते का, ते बघून ये म्हणून तिला सांगितलं आहे.