कपाटामागचा तंबोरा

"तंबोरा चढा लागलाय," बाबा म्हणाले.

टीव्हीवर तेव्हा बातम्या चालू होत्या.

मी टीव्हीचा आवाज पार बंद केला, तरी तो होताच. घूंऽऽऽ. बारीक, सलग, कपाटाशेजारच्या दोन्ही स्पीकरांतून येणारा. चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवलेल्या माणसाला घरघर ही घरघर वाटत नाही, आधी सूर वाटतो. बाबांनी पेटी काढली, भाता हलवला, एक पट्टी दाबली, मग शेजारची. "पांढरी पाचच्या वर आहे. पण काळी चार नाही."

नंतर मी आकडे काढून पाहिले. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण ५० वर आणि तिच्या दुपटीला १०० वर. खालच्या सप्तकातली पांढरी पाच ९८ हर्ट्झची, काळी चार जवळजवळ १०४ ची. म्हणजे बाबा बरोबर होते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिथल्या घरांत हीच घरघर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मधे लटकत असणार. तिथे गेले तर बाबांना झोप लागणार नाही.

या तंबोऱ्याला आमंत्रण मीच दिलं होतं. आदल्याच आठवड्यात केबलचा डबा जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला होता. डब्याच्या मागे नारिंगी कडेचं गोल भोक, म्हणजे कोअ‍ॅक्सियल. टीव्हीच्या मागे झापडीचं चौकोनी भोक, म्हणजे ऑप्टिकल. दोन्हींतून आवाज आकड्यांच्या रूपात जातो, पहिल्यात तारेतून, दुसऱ्यात उजेडातून. अ‍ॅम्प्लिफायरला दोन्ही. मी कोअ‍ॅक्सियल निवडलं, कारण वायर घरात होती. डीव्हीडी प्लेअर गेला तरी त्याची लाल-पांढरी-पिवळी वायर खणात राहते, हा आमच्या घराचा नियम. त्यातली पिवळी चित्राची. ती ७५ ओहमची असते, आणि डिजिटल कोअ‍ॅक्सियललाही ७५ ओहमचीच लागते. टोकाच्या पिनाही त्याच. लावली, वाजलं, एक पैसा खर्च नाही. तो आठवडा मी जरा तोऱ्यातच होतो.

घरघर कुठून येते ते शोधायला संध्याकाळ गेली. अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग उलटसुलट बोर्डांत लावून पाहिला, टेस्टर फिरवला. शेवटी वैतागून डब्याच्या मागची, गच्चीवरून येणारी केबलवाल्याची वायर उपटली. घूं थांबलं. परत लावली, परत घूं. ती वायर बाहेर कुठे तरी अर्थ झालेली, आमचा तीन पिनांचा अ‍ॅम्प्लिफायर घरात अर्थ झालेला, आणि दोन अर्थिंगांमधला फरक माझ्या पिवळ्या वायरीत आतल्या तारेभोवती असलेल्या धातूच्या जाळीतून वाहत होता. आवाजाचे शून्य आणि एक बिचारे नीट पोचत होते. घरघर त्यांच्यात नव्हतीच, ती जाळीवरून अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात शिरत होती.

मग तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. दुकानदाराने दोन ऑप्टिकल वायरी पुढ्यात टाकल्या. एक साधी, दुसरी चौपट किमतीची, टोकाला सोन्याचं पाणी दिलेली. आता, ऑप्टिकलमधून वीज जातच नाही. आत एक मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा धागा, त्यातून लाल उजेड लुकलुकत जातो. तोशिबाने १९८३ साली आपल्या सीडी प्लेअरसाठी ही सोय काढली, म्हणून तिचं नाव टॉसलिंक. मी विचारलं, "उजेडाला सोनं कशाला?" तो म्हणाला, "साहेब, गंजत नाही." प्लॅस्टिकही गंजत नाही, हे मी गिळलं आणि साधी घेतली.

घरी आल्यावर डब्याची पिवळी काढली आणि ही टीव्हीला लावली. घूं गेलं. आवाजही गेला. वीस मिनिटांनी लक्षात आलं, टोकावर पारदर्शक टोपी असते, ती काढायची असते. टोपी काढली, तरी शांतता. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून आवाज डॉल्बीच्या गुंडाळलेल्या रूपावरून साध्या पीसीएमवर आणला (आमच्या म्हाताऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला डॉल्बी उलगडता येत नाही), तेव्हा कुठे निवेदिका बोलू लागली. त्या खटपटीत वायरीचं मोकळं टोक कपाटामागे लोंबत होतं, त्याच्यावर लाल ठिपका. आईने वाकून पाहिलं. "देवघरातला झिरो तिकडे कशाला नेलास?"

माझा एक मित्र शपथेवर सांगतो की कोअ‍ॅक्सियलचा आवाज उबदार आणि ऑप्टिकलचा पातळ. मी त्याच्याशी वाद घालत नाही, त्याच्याकडे चहा चांगला मिळतो. पण आकडे दोघींतून तेच जातात. कोअ‍ॅक्सियल १९२ किलोहर्ट्झपर्यंत (म्हणजे सेकंदाला आवाजाचे तितके हजार नमुने) सहज पोचते, ऑप्टिकल बऱ्याच यंत्रांत ९६ वर थांबते. आमच्या सीड्या ४४.१ च्या, तेव्हा ही चढाओढ आमच्या दारावरून जाते.

खरा फरक दिवाळीच्या सफाईत कळला. आईने कपाट भिंतीला सरकवलं आणि ऑप्टिकल वायर कोपऱ्यात काटकोनात चेपली. उजेडाला काटकोनात वळता येत नाही. बातम्या तुटक तुटक येऊ लागल्या, उचकी लागल्यासारख्या. पिवळी वायर तिथे असती तर गाठ मारली तरी कुरकुरली नसती. पुन्हा तपकीर गल्ली, पुन्हा तोच दुकानदार, पुन्हा तेच सोनं.

आता टीव्हीला ऑप्टिकल आहे, तीही कपाटामागे चार बोटं जागा सोडून. पिवळी सीडी प्लेअरला दिली. तो दोन पिनांचा, केबलवाल्याशी त्याचा काही संबंध नाही, तिथे घरघर नाही.

सगळं जोडून झाल्यावर मी आवाज शून्यावर आणला आणि बाबांना बोलावलं. ते खुर्चीत बसले, डोळे मिटले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"अजून आहे," म्हणाले.

मी कपाटाकडे धावलो. दोन्ही वायरी उपटल्या, अ‍ॅम्प्लिफायरचं बटण बंद केलं. बाबांनी नुसती मान हलवली आणि डोळे न उघडता बोट वर केलं.

पंखा. तोच सूर.