टारनीटची काळी माती

२०२४ च्या मार्चमध्ये मेलबर्नला गेलो तेव्हा सदर्न क्रॉस स्टेशनवरून जिलाँगची गाडी पकडली आणि पश्चिमेकडच्या टारनीट या उपनगरात उतरलो. आम्ही तिथे राहायचो तेव्हा टारनीटला स्टेशनच नव्हतं. ते २०१५ साली झालं, आणि त्याच्या वर्षभर आधी आम्ही ब्रिस्बेनला आलो. तेव्हा पहाटे गाडी काढून हॉपर्स क्रॉसिंग स्टेशन गाठायचं, पार्किंगला जागा मिळते का बघायचं आणि मग शहराकडे. कढीपत्त्यासाठी थेट दांडेनाँग, म्हणजे शहराचं दुसरं टोक. आता स्टेशनबाहेर पडल्या पडल्या पंजाबी ऐकू येतं आणि भाजीच्या दुकानात शेवग्याच्या शेंगा दिसतात.

पण मला सांगायचंय ते घराबद्दल. लग्नानंतर तीन वर्षांत आम्ही दोघांनी बांधलेलं पहिलं घर.

२००८ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियन सरकारने आपलं पहिलंच घर नवं बांधणाऱ्यांचं अनुदान ७,००० वरून २१,००० डॉलर केलं, आणि जे स्वप्न अजून पाच वर्षं लांब होतं ते एकदम हाताशी आलं. प्लॉट म्हणजे वाळलेल्या गवताचा माळ. चारी बाजूंना वारा.

नाशिकला सासऱ्यांना फोन केला. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. आयुष्यभर बांधकाम खात्यात ओव्हरसिअर. त्यांनी नकाशा मागवून घेतला, मोठ्या कागदावर प्रिंट काढून आणली, आणि त्या दिवसापासून नाशिकच्या जेवणाच्या टेबलावर आमचं घर उभं राहू लागलं.

पहिलं बिल आलं खडक फोडण्याचं. करारातल्या रकमेवर काही हजार डॉलर जास्तीचे. मला रडूच आलं. दादा मात्र फोनवर खूश. "खडक लागला? अगं मग काळजी कसली, पाया पक्का!"

स्लॅबच्या दिवशी खरा गोंधळ झाला. आपल्याकडे स्लॅब पडतो तो डोक्यावर. भिंती झाल्या, सळ्या बांधल्या, छत ओतलं की मजुरांना गोड वाटायचं. इथे स्लॅब म्हणजे जमीन, सगळ्यात पहिलं काम. मी आदल्या रात्री रव्याचे लाडू केले होते. सकाळी साडेसहाला काँक्रीटवाल्यांनी कॉफीबरोबर ते खाल्ले, दुपारपर्यंत ओतून मोकळेही झाले. दादांना फोटो पाठवले तर लगेच फोन. "ते पांढरं काय आहे रे खाली?" नवऱ्याने सांगितलं, थर्माकोलचे ठोकळे, त्यांच्यामधून काँक्रीटच्या कमरेएवढ्या नाही पण चांगल्या जाड पट्ट्या जातात. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग एवढंच म्हणाले, "पाणी मारतात ना रोज?"

कोणी मारत नव्हतं. सुपरवायझरला विचारलं, तो म्हणाला तुम्हाला मारायचं तर मारा. तो दुष्काळाचा काळ होता. माणशी दिवसाला १५५ लिटरच्या आत भागवा, असं सरकार सांगत होतं, नळी लावायची सोय नव्हती. मग भाड्याच्या घरात शॉवर गरम होईपर्यंत जे गार पाणी वाया जातं ते बादलीत धरायचं, कॅनमध्ये भरायचं आणि संध्याकाळी स्लॅबवर नेऊन शिंपडायचं. सात दिवस आम्ही ते केलं. डिसेंबरातलं लांबलेलं ऊन, ओल्या काँक्रीटचा वास, आणि हा मगाने पाणी मारत आपल्या बेडरूममधून स्वयंपाकघरात चालत चाललाय. संसाराची सुरुवात म्हटलं की मला लग्नाचा हॉल आठवत नाही, ते आठवतं.

पुढे फ्रेम उभी राहिली, पाइनच्या लाकडाचा सांगाडा. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नचा पारा ४६.४ वर गेला. वारा भट्टीतून आल्यासारखा. आम्ही दिवसभर त्या सांगाड्याचीच काळजी करत बसलो. त्या शनिवारी व्हिक्टोरियात लागलेल्या वणव्यांत १७३ माणसं गेली, हे हळूहळू कळत गेलं. आपण काय घेऊन बसलो होतो, याची लाज मला आजही वाटते.

जुलैत किल्ल्या मिळाल्या. पुढच्या जानेवारीत दादा आले. दारातून आत येऊन त्यांनी भिंतीवर बोटाची टकटक केली. पोकळ वाजली. इथे वीट ही बाहेरून घातलेली एकेरी भिंत, भार सगळा लाकडावर. त्यांना ते माहीत होतं, तरी ऐकून चेहरा उतरलाच. मग ते मागच्या अंगणात गेले, उन्हाने भेगाळलेल्या जमिनीतून ढेकूळ उचललं, पाणी घालून तळव्यावर मळलं, आणि ओरडून नवऱ्याला बोलावलं. "अरे, ही तर आपली काळी माती!"

बरोबर होतं त्यांचं. मेलबर्नच्या पश्चिमेचं सगळं पठार लाव्हाचं आहे, आपल्या दख्खनसारखंच, वयाने फार लहान. तोच बेसाल्ट, तो कुजून झालेली तशीच चिकण माती, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात आकसणारी. म्हणून तर तो थर्माकोलवाला स्लॅब. माती हलली तरी सगळं घर एका तराफ्यासारखं मिळून हलावं. दादांनी इंजिनिअरचा रिपोर्ट मागून घेतला आणि तीन दिवस चष्मा लावून वाचला. त्यानंतर त्यांनी त्या घराला नावं ठेवली नाहीत. परक्या मुलखात पोराने घर बांधलं, ते ओळखीच्या मातीवर आहे, याने त्यांना जे समाधान मिळालं ते आमच्या कुठल्याही पगाराच्या आकड्याने मिळालं नव्हतं.

मार्चमध्ये गॅरेजच्या दारावरच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग दिसली. मी घाबरले. दादा स्टुलावर चढले, भेगेच्या टोकाशी पेन्सिलने आडवी रेघ मारली, बाजूला तारीख लिहिली. "आता ही पुढे जाते का बघायचं. गेली तर मला फोन करायचा." आम्ही बघायचो. नंतर कामं वाढली, मुलगी झाली, बघायचं राहून गेलं. २०१६ मध्ये दादा गेले. तेव्हा ते घर विकून दोन वर्षं झाली होती.

आम्ही नुसतं बाहेरून बघून परतणार होतो. समोर मी लावलेली लॅव्हेंडर काढून तिथे आता फरशी केलीय. फाटकाशी घुटमळताना आतून एक आजी आल्या. मी तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं की हे घर आम्ही बांधलं होतं. त्यांनी पुढचं ऐकलंच नाही, हाताला धरून आत नेलं, आधी पाणी दिलं, मग चहा टाकला. भिंतींचे रंग बदललेत. स्वयंपाकघराचा ओटा नवा. घर आमचं राहिलेलं नाही हे डोळ्यांना लगेच कळलं, पायांना कळेना. अंधाऱ्या बोळातून वळताना माझा हात आपोआप बटणावर गेला.

चहा होईपर्यंत नवऱ्याने आजींना विचारलं, गॅरेज बघू का. गॅरेजला कोणी कधी रंग देत नाही. रॅकवरचे डबे थोडे बाजूला सरकवून त्याने मोबाइलचा टॉर्च धरला.

१४/३/१०. दादांचं ते शेपटी लांब ओढलेलं मराठी ३, बारीक काळी रेघ, आणि रेघेला टेकलेली भेग. चौदा वर्षांत ती त्या रेघेपुढे गेली नव्हती.

नवरा बराच वेळ तसाच उभा राहिला. मग खिसे चाचपले आणि आजींकडे पेन्सिल मागितली.